बोधचिन्ह, मार्का की नुसता लोगो?

परवा एका तालमीची चार पोरं माझ्याकडं आली. फुटबॉल संघाच्या जर्सीवर छातीशी लावायला लोगो हवा होता. "भावा, वाघ पायजे, पण रागात असलेला. गदा पायजे. मशाल पायजे. मागं किल्ला, आणि खाली स्थापनेचं साल." सोबत तालमीचे जुने सेक्रेटरी होते. ते मात्र सगळा वेळ 'आपल्या मंडळाचं बोधचिन्ह' म्हणत होते. कोटेशन लिहायला बसलो आणि अडलो. लोगो, बोधचिन्ह, मानचिन्ह, मुद्रा ही सगळी एकाच वस्तूची नावं आहेत का?

प्रतिसाद

मानचिन्ह आधी बाजूला काढा. छत्र, चामर, अब्दागिरी ही मानचिन्हं. ज्याचा मान त्याच्यापुढं चालणारी. शाल-श्रीफळासोबत हातात देतात ते सन्मानचिन्ह.

बोधचिन्हातला 'बोध' बुध् धातूपासून आलाय, म्हणजे जाणणं. ज्यावरून संस्था कोणती ते कळतं, ते बोधचिन्ह. पण आपल्या कानावर बोधकथेचा संस्कार इतका पक्का, की 'बोध' म्हटलं की तात्पर्य आलंच पाहिजे असं वाटतं. मग शिक्षणसंस्थेच्या एका गोलात पुस्तक, समई, कमळ, उगवता सूर्य आणि दातेरी चाक, सगळं कोंबतात. त्याखाली संस्कृत बोधवाक्य.

प्रतिसाद

आमच्या घरी तीन पिढ्यांचं किराणा दुकान. तिथं हे शब्द कधी आलेच नाहीत. शब्द होते 'छाप' आणि 'मार्का'. काडेपेटी असो, बिडी असो की साबण, गिऱ्हाईक नाव वाचत नसे. "घोडा छाप दे" म्हणे. घोड्याचा आणि काडेपेटीचा संबंध काय, असं कुणी विचारलं नाही. घोडा दिसला की आपला माल, एवढंच. गंमत म्हणजे ज्या 'ब्रँड'साठी आज लाखांची बिलं होतात, त्याचा मूळ अर्थ डागणं, तापल्या लोखंडानं खूण उठवणं. आपल्याकडंही गुरांना डाग देत. पण 'आमच्या कंपनीचा डाग' असं कोण म्हणेल?

प्रतिसाद

'मुद्रा' जपून वापरा. मुद्रा म्हणजे कागदावर उठवायचा शिक्का, अस्सलपणाची खात्री. शिवरायांची अष्टकोनी राजमुद्रा पाहा: 'प्रतिपच्चंद्रलेखेव'पासून 'मुद्रा भद्राय राजते'पर्यंत नुसती अक्षरं, चित्र नाहीच. पत्र संपलं तिथं 'मर्यादेयं विराजते' ही मर्यादेची मुद्रा, म्हणजे पुढं कुणी ओळ घुसडू नये. हल्ली ब्रँडला 'नाममुद्रा' म्हणतात. शब्द देखणा आहे, पण वर्तमानपत्राबाहेर पडलेला नाही.

आणि बोध वाईटच असतो असं नाही हं. १९२९ साली आपल्याच कोल्हापुरात निघालेल्या प्रभात फिल्म कंपनीचं चिन्ह आठवा. तुतारी फुंकणारी स्त्री. अर्थ आहे, पण एकच आहे.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. 'एकच अर्थ' हे वाक्य उपयोगी पडलं. मला आता वाटतं, गिऱ्हाईक कोणता शब्द वापरतं त्यावरून चित्र किती गच्च होणार ते आधीच कळतं. बोधचिन्ह म्हणणाऱ्याला अर्थ सांगायचा असतो, मार्का म्हणणाऱ्याला लांबून ओळखायचं असतं. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेल्याला मशालीची ज्योत थोडीच दिसणार?

पोरांनी सांगितलेलं सगळं घालून एक नमुना मुद्दाम भरतकामाच्या मशीनवर काढून आणला. आठ सेंटिमीटरच्या गोलात किल्ल्याचा झाला मातीचा ढीग, गदा दिसायला लागली चमच्यासारखी. नावातल्या रफाराची दोऱ्यानं गाठ झाली, वेलांट्या शिरोरेषेत बुडाल्या. तो तुकडा पोरांच्या हातात दिला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला, "वाघाचं तोंड तेवढं ठेव."

तेवढंच ठेवलं. तालमीचं नाव खाली, ठसठशीत. कोटेशनवर सेक्रेटरींच्या मानाखातर 'बोधचिन्ह' लिहिलं. काल त्यांचा फोन आला. "लई झ्याक झालंय. पण गदा कुठं गेली?"