मदत हवी आहे : पीएमपी या प्रकल्प व्यवस्थापनाच्या परीक्षेच्या सरावात ईएसीचं (काम संपेपर्यंतच्या एकूण खर्चाचा अंदाज) नेमकं कोणतं सूत्र?

नमस्कार मंडळी, 2021 च्या आराखड्याप्रमाणे तयारी चालू आहे : 180 प्रश्न, 230 मिनिटं, 60 आणि 120 व्या प्रश्नानंतर दहा-दहा मिनिटांची सुट्टी. सुट्टी घेतली की मागच्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही, म्हणून खुणा केलेले प्रश्न आधीच निपटायला हवेत. हे जमतंय.

अडतंय ते इथे. बजेट 40 लाख, झालेला खर्च 20 लाख, झालेल्या कामाचं मूल्य 16 लाख. म्हणजे सीपीआय (कामाचं मूल्य भागिले झालेला खर्च) 0.8. खर्चाचा हाच वेग राहणार असेल तर 40 भागिले 0.8, म्हणजे 50 लाख. जादा खर्च एकदाच झालेला असेल, तर 20 अधिक उरलेलं 24 लाखांचं काम, म्हणजे 44. पर्यायांत दोन्ही आकडे असतात आणि प्रश्नात 'एकदाच' हा शब्द सरळ कधीच नसतो! पाठांतर इथे कुचकामी. कोणत्या शब्दांवरून ओळखता?

दुसरं, कोथरूड किंवा कर्वेनगरात शनिवारी सकाळी एकत्र बसून अ‍ॅजाइलचे (छोट्या टप्प्यांत काम पुढे नेण्याची पद्धत) प्रसंगाधारित प्रश्न सोडवणारं कुणी आहे का? हिंजवडी नको, येण्याजाण्यातच सकाळ संपते.