मदत हवी आहे: घरी ध्वनिमुद्रित केलेल्या अभंगांचे मास्टरिंग मोबाईल ॲपवर करावे की लॅपटॉपवरील प्लगइन वापरून?

नादलुब्ध:

नमस्कार. आमच्या भजनी मंडळाचे काही अभंग आम्ही घरीच ध्वनिमुद्रित केले असून आषाढीच्या आधी ते यूट्यूब आणि स्पॉटिफाय येथे प्रसिद्ध करण्याचा विचार आहे. गायन, पेटी आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा यांचे ट्रॅक स्वतंत्र आहेत. पखवाज आणि टाळ मात्र एकाच माईकवर आहेत, कारण आमच्या ऑडिओ इंटरफेसला दोनच माईक जोडता येतात आणि टाळकऱ्यांना पखवाजापासून लांब बसवले की लय ओढली जाते. मिक्सिंग, म्हणजे ट्रॅक एकमेकांशी जुळवून एकत्र करणे, पूर्ण झाले आहे. अडचण मास्टरिंगची, म्हणजे प्रसिद्धीपूर्वीच्या शेवटच्या संस्काराची, आहे आणि स्टुडिओचा खर्च मंडळाच्या वर्गणीत बसणारा नाही.

एका स्वयंचलित मास्टरिंग संकेतस्थळावर आणि एका मोबाईल ॲपवर एकच अभंग देऊन पाहिला. दोन्हीकडे आवाज मोठा झाला, परंतु गजराला टाळांचा जोर वाढताच प्रत्येक ठोक्यागणिक गायकाचा आवाज मागे जातो आणि लगेच परत वर येतो. दोन चरणांमधल्या मोकळ्या जागेत तानपुराही अकारण पुढे येतो. मूळ मिक्समध्ये हे दोन्ही दोष ऐकू येत नाहीत. यूलीन लाउडनेस मीटर या मोफत प्लगइनने (ध्वनी सॉफ्टवेअरला जोडायच्या साधनाने) मोजले असता मिक्सची सरासरी पातळी उणे 21 एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक) आणि ट्रू पीक, म्हणजे क्षणिक सर्वोच्च पातळी, उणे 0.4 डेसिबल दिसते. ऑनलाइन प्रसिद्धीसाठी उणे 14 पातळी हवी, असे सर्वत्र वाचनात येते.

माझ्याजवळ ॲण्ड्रॉइड फोन, 4 जीबी रॅमचा जुना विंडोज लॅपटॉप आणि वायरचे हेडफोन आहेत. मुलीचा आयपॅड सवडीने मिळू शकतो. अशा परिस्थितीत कोणते ॲप किंवा प्लगइन निवडावे, आणि आयपॅडवरील सशुल्क प्लगइन घेतल्यास हा दोष जाईल का, याविषयी अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मंद्रसप्तक:

आपण आकडे दिलेत हे फार बरे केले, कारण उत्तर त्या आकड्यांतच आहे. उणे 21 वरून उणे 14 वर जायचे म्हणजे 7 डेसिबल वाढवायचे. आपले पीक आधीच शून्याला टेकलेले आहेत आणि ते उणे 1 डेसिबलच्या आत ठेवावे लागतात, म्हणजे लिमिटरला (ठरलेल्या मर्यादेच्या वर आवाज जाऊ न देणाऱ्या साधनाला) सर्वांत मोठे ठोके साडेसात डेसिबलच्या आसपास दाबावे लागतात. आता ते ठोके कोणाचे आहेत? बहुधा टाळांचे. टाळाचा आघात क्षणभराचा असतो. सरासरी पातळीत तो फारशी भर घालत नाही, पीक मात्र तोच ठरवतो. संपूर्ण मिक्सवर बसवलेल्या लिमिटरला टाळ आणि गळा वेगळे ओळखता येत नाहीत. तो टाळासाठी खाली येतो आणि त्या क्षणी गायकालाही सोबत खाली ओढतो. त्यामुळे महागडे लिमिटर घेतले तर दोष थोडा कमी जाणवेल, जाणार नाही.

माझे स्पष्ट मत असे की मास्टरिंगचे साधन निवडण्यापूर्वी पखवाज-टाळांचा ट्रॅक पुन्हा उघडावा. त्यावर टीडीआर नोव्हा हा मोफत डायनॅमिक इक्यू (आवाज वाढेल तेव्हाच ठरावीक पट्टा दाबणारा प्लगइन) लावावा आणि साधारण 4,000 हर्ट्झच्या वरचा भाग फक्त टाळ पडतील तेव्हाच 4 ते 6 डेसिबलने खाली येईल, अशी त्याची रचना करावी. पखवाजाच्या डाव्या पुडीचा, कणकेचा, भरीव नाद या पट्ट्याच्या कितीतरी खाली असतो, त्यामुळे त्याला धक्का लागत नाही. अटॅक, म्हणजे दाब सुरू व्हायला लागणारा वेळ, अगदी कमी, एखाद्या मिलिसेकंदाच्या घरात ठेवावा, अन्यथा आघात निघून गेल्यावर प्लगइन जागे होते. शाईच्या पुडीवरचे कडक बोल किंचित बोथट वाटू लागले तर पट्टा आणखी वर, 5,000 किंवा 6,000 पर्यंत सरकवावा.

नादलुब्ध:

मनःपूर्वक आभार. टाळ सौम्य केल्यास गजराचा उत्साह जाईल, अशी भीती मात्र वाटते. आणि हे सर्व फोनवर शक्य आहे का?

मंद्रसप्तक:

उत्साह टाळांच्या नादात आणि सातत्यात असतो, तो आपण तसाच ठेवतो आहोत. फक्त आघाताचे टोक खाली आणायचे आहे. तरीही शंका वाटल्यास प्लगइन बंद-चालू करून दोन्ही रूपे समान पातळीवर ऐकावीत. पातळी समान नसेल तर मोठा आवाज आपोआप चांगला वाटतो आणि निर्णय चुकतो.

फोनचे म्हणाल तर ॲण्ड्रॉइडवर संगणकाचे व्हीएसटी प्लगइन चालत नाहीत, ॲपमध्ये जे असेल तेवढ्यावर भागवावे लागते. ऑडिओ इव्होल्यूशन मोबाईलमध्ये अनेक ट्रॅकचे नीट काम होते, परंतु लहान पडद्यावर असे बारीक फेरफार करणे डोळ्यांना शिक्षाच आहे. बॅंडलॅबचे मोफत मास्टरिंग झटपट नमुना ऐकण्यापुरते वापरावे.

ध्वनियात्री:

मंद्रसप्तक यांच्याशी सहमत आहे, थोडी भर घालतो. आयपॅडवर एयूव्ही3 पद्धतीचे प्लगइन चालतात. फॅबफिल्टरचे प्रो-क्यू (इक्यू) आणि प्रो-एल 2 (लिमिटर) तेथे मिळतात आणि ते उत्कृष्ट आहेत. परंतु आयपॅड आपला नाही, मग त्यासाठी पैसे का घालावेत? 4 जीबीचा लॅपटॉप पुरेसा आहे. रीपर हे सॉफ्टवेअर अतिशय हलके असून 60 दिवस विनामूल्य तपासून पाहता येते, त्यानंतर व्यक्तिगत वापराचा परवाना 60 डॉलरचा आहे. त्यातच इक्यू, कंप्रेसर (मोठ्या आणि लहान आवाजातील फरक कमी करणारे साधन) आणि रीअलिमिट हा लिमिटर मिळतो. मास्टर ट्रॅकवर 30 हर्ट्झच्या खालचा गाळ काढणारा फिल्टर, त्यानंतर हवा असल्यास टीडीआर कोटेल्निकोव्ह हा मोफत कंप्रेसर, एखाद-दोन डेसिबलपेक्षा अधिक न दाबणारा, आणि शेवटी लिमिटर, ट्रू पीक मर्यादा उणे 1. एवढ्यावर थांबावे. मिक्स 24 बिट वेव्ह स्वरूपातच बाहेर काढावे, एमपी3वर मास्टरिंग करू नये.

तानपुरा वर येतो त्याचेही कारण तेच आहे: जोराचा भाग दाबून सर्वच उचलले की मंद आणि अखंड वाजणारी गोष्ट पुढे सरकते. दाब कमी झाला की तो जागेवर बसेल. तरी उरलाच, तर तानपुऱ्याचा ट्रॅक एक-दोन डेसिबल खाली घ्यावा.

आणि उणे 14 हा काही प्रवेश परवाना नव्हे. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये त्या पातळीवर गाणी आणते, ॲपल म्युझिकची पातळी उणे 16 च्या आसपास आहे. यूट्यूब मोठा आवाज कमी करते, लहान आवाज वाढवत नाही. आपला अभंग उणे 16 वर मोकळा वाटत असेल, तर मी तो तेथेच ठेवीन.

नादलुब्ध:

दोघांचेही आभार. लॅपटॉपवरच काम करतो. एक शेवटची शंका: संथ लयीचा एक अभंग गजराच्या अभंगापेक्षा बराच हळू आवाजात आहे. दोन्ही एकाच पातळीवर आणावेत का?

मंद्रसप्तक:

आणू नयेत. सर्व अभंग एकाच प्रोजेक्टमध्ये क्रमाने ठेवून पाठोपाठ ऐकावेत आणि गायकाचा आवाज एकाच अंतरावरून येतो आहे असे वाटेपर्यंत पातळ्या कानाने जुळवाव्यात. मीटर नंतर पाहावा. स्पॉटिफायवर अल्बम सलग ऐकला तर पातळीची दुरुस्ती संपूर्ण अल्बमला एकत्र लागू होते, त्यामुळे संथ अभंगाचा हळूपणा टिकतो. एकेक अभंग सुटा प्रसिद्ध करणार असाल, तर मात्र संथ अभंग थोडा वर घ्यावा लागेल.