मदत हवी आहे: नऊ आठवड्यांच्या पिल्लाच्या छातीत 'मर्मर', इको (हृदयाची सोनोग्राफी) आत्ता करू की थांबू?

गिलक्याचा_वेल

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्रच असते, आज अडलं म्हणून लिहितेय.

आम्ही चोपडा तालुक्यातले, तापीकाठी केळी आणि कापूस. फेब्रुवारीच्या शेवटी केळीच्या तोडलेल्या खोडांच्या ढिगाआड एका गावठी कुत्रीने पाच पिल्लं घातली. चार इकडेतिकडे गेली, एक तपकिरी मादी राहिली. लेकाने तिचं नाव गिलकी ठेवलं आणि विषय संपला.

लसीसाठी आधी जवळच्या एकांकडे नेलं. त्यांनी नळी लावली आणि म्हणाले, "हिच्या हृदयात दोष आहे, असली पिल्लं जगत नाहीत, पोराला जीव लावू देऊ नका." बस्स. दोष कसला, किती, काहीच सांगितलं नाही. पोरगा शेजारी उभा राहून ऐकत होता, त्याचं भानही नाही. रात्रभर झोप नाही, दुसऱ्या दिवशी तिला घेऊन जळगाव गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी पंखा बंद करायला लावला. लेकाला म्हणाले, तिचं तोंड हाताने हलकेच मिटून धर, धापा टाकते आहे. मग डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे ऐकलं. मर्मर आहे, सहापैकी दुसऱ्या ग्रेडचा, फार तर तिसऱ्या. वाढत्या पिल्लांत असतो, बऱ्याचदा आपोआप जातो, सोळा आठवड्यांची झाली की परत आणा. आत्ताच खात्री करायची असेल तर इकोसाठी नाशिक किंवा मुंबई.

वजन २ किलो ४००. खाते, खेळते, चपला पळवते. मला मात्र हिरड्या पांढुरक्या वाटतात, पण पडताळून बघायला दुसरं पिल्लू नाही. जंताचं औषध एकदाच झालंय. इकडे पारा ४५ च्या घरात, आमच्या गाडीला एसी नाही, तेव्हा नाशिकचा प्रवासच तिला बाधेल अशी भीती. आणि दोन महिने थांबावं तर तेवढ्यात काही झालं तर? तोपर्यंत तिला पळू द्यायचं की कोंडून ठेवायचं? सासूबाई म्हणतात, "हाई तं पयी ऱ्हायनी, हिले काय व्हयनं?" (ही तर पळतेय, हिला काय झालंय?) आणि रोज चमचाभर अर्जुनारिष्ट द्यायचा आग्रह धरून बसल्यात. देऊ का?

पांझरा

ताई, मी धुळ्याकडे पाळीव प्राण्यांची प्रॅक्टिस करतो. न बघता निदान करणार नाही, पण काही गोष्टी सांगता येतील.

आधी अर्जुनारिष्ट: अजिबात नको. अरिष्ट म्हणजे आंबवलेलं, त्यात मद्यार्क असतोच, शिवाय ते मनुका घालून करतात. दोन्ही कुत्र्यांना घातक. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण बाटली त्यांच्यापुरतीच ठेवा.

मर्मर हा आवाज आहे, आजार नव्हे. रक्त खळाळत गेलं की तो येतो. सहा-आठ आठवड्यांच्या पिल्लांत १ किंवा २ ग्रेडचा, ठोक्याबरोबर येऊन लगेच विरणारा आवाज बऱ्याचदा निरुपद्रवी असतो आणि चार-पाच महिन्यांपर्यंत जातो. ग्रेड म्हणजे फक्त आवाज किती मोठा ते. पाचव्या ग्रेडपासून छातीवर हात ठेवला की थरथर लागते. आवाज मोठा म्हणजे दोष मोठा, असंही नाही. दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक भोक असेल तर आवाज मोठा येतो, मोठं भोक कधीकधी गप्पच असतं.

तुमच्या पोस्टमध्ये मला खटकलं ते हिरड्यांचं. अंकुशकृमी आईच्या दुधातूनच पिल्लात येतात आणि रक्त पितात, वरून गोचीड आणि पिसवा. रक्त पातळ झालं की त्यानेही मर्मर ऐकू येतो. एका डोसने हे भागत नाही. पहिल्या तीन महिन्यांत दर पंधरा दिवसांनी, वजन करून जंताचं औषध द्यावं लागतं. इकोच्या आधी रक्ताची आणि शीची तपासणी करा. ती जळगावातच होईल, नाशिक लांब राहिलं.

कोंडू नका. आपणहून खेळते तेवढं खेळू द्या, फक्त दुपारी नको. लसी चुकवू नका. पुढे नसबंदी कराल तेव्हा भूल देण्याआधी मर्मरचं आवर्जून सांगा.

कळण्याची_भाकर

डॉक्टरसाहेब, तो कायम चालू राहणारा आवाज असतो त्याबद्दलही सांगा. आमची पॉमेरेनियन तीन महिन्यांची होती तेव्हा तिच्या डाव्या काखेशी हात ठेवला की मांजर गुरगुरतंय असं वाटायचं. आम्ही कौतुकाने पाहुण्यांना हात लावायला सांगायचो! लस देणाऱ्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण काखेत पुढे नळी लावली तरच ऐकू येतं म्हणे. मुंबईला इको केला, जन्माआधीची एक नळी बंदच झाली नव्हती. पायाच्या रक्तवाहिनीतून तार घालून ती बंद केली. आता सात वर्षांची आहे आणि भयंकर आगाऊ आहे.

पांझरा

बरोबर. पिल्लू पोटात असताना फुप्फुसाकडची आणि अंगाकडची अशा दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी नळी असते, जन्मल्यावर थोड्या दिवसांत ती मिटते. मिटली नाही तर जिनिंगच्या मशीनसारखा अखंड आवाज येतो, ठोक्यांच्या मधेही थांबत नाही. असं काही असेल तर सोळा आठवडे वाट बघायची नाही, लगेच इको. वेळेत बंद केली तर कुत्रं सहसा पूर्ण आयुष्य जगतं. ताई, डॉक्टरांना फोन करून एवढंच विचारा: आवाज तुटक होता की अखंड, आणि काखेत ऐकलं होतं का.

नाना_बागायतदार

एका गावठी कुत्रीसाठी एवढा खटाटोप? आमच्याकडे दहा आहेत, एकाचीही नाडी कुणी बघितली नाही.

गिलक्याचा_वेल

नाना, तुमच्या दहाची चौकशी करणारं कुणी नाही म्हणून वाईट वाटलं. पुढचे प्रतिसाद कृपया गिलकीबद्दल द्या.

डॉक्टर, फोन केला. आवाज तुटकच, काखेतही ऐकलं होतं. त्या भोकाचं तुम्ही लिहिलंत ते मला ठिबकवरून कळलं: नळीला सुईएवढं भोक पडलं की शिट्टी वाजते, व्हॉल्व्ह उघडा सोडला तर पाणी मुकाट वाहतं. आता एवढंच सांगा, घरी लक्ष कशावर ठेवू?

पांझरा

श्वास मोजा. गाढ झोपेत, पहाटेच्या गारव्यात, मिनिटभर. पोट वर-खाली झालं की एक. पाय झाडत असेल, स्वप्नात कुंईकुंई करत असेल तेव्हा मोजू नका. साधारण ३० च्या आत हवा, वर गेला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा, तरीही वरच राहिला तर दाखवा. खोकला, खेळता खेळता मटकन बसणं, वजन न वाढणं, यातलं काही दिसलं तर फोन करा. जीभ निळसर झाली किंवा शुद्ध हरपली तर वाट बघू नका, उचला आणि निघा.

गिलक्याचा_वेल (बारा दिवसांनी)

शीत अंकुशकृमीची अंडी निघाली, भरपूर. हिमोग्लोबिन ७.१, म्हणजे कमीच. औषध आणि लोहाचे थेंब चालू आहेत. लेक पहाटे पाचला उठून श्वास मोजतो आणि वहीत लिहितो, अभ्यासाला कधी उठला नाही तो. आकडे २२, २४, २१. एकदा ३८ लिहिलं आणि पुढे कंसात 'स्वप्न'.

गिलक्याचा_वेल (जूनअखेर)

काल सोळा आठवडे झाले म्हणून जळगावला नेलं. वजन ६ किलो १००, हिरड्या गुलाबी. पुन्हा पंखा बंद, पुन्हा डावी-उजवी-काख. मर्मर अजून आहे, पण पहिल्या ग्रेडचा, तोही दुसऱ्यांदा ऐकल्यावर सापडला. सहा महिन्यांची झाली की परत जायचं आणि तेव्हाही असेल तर इको. पाऊस पडलाय, नाशिकचा रस्ता आता मला लांब वाटत नाही.

नवीन अडचण: ठिबकच्या नळीला तिने तीन ठिकाणी दातांनी भोकं पाडलीत. त्यासाठी वेगळा धागा काढू की इथेच विचारू?