५५ हजारांचा पीएस५ की ७२ हजारांचा पीसी? सहा वर्षांचा हिशेब हवाय

कोल्हापुरी_गेमर
घरात ४३ इंची टीव्ही आहे, बाकी काहीच नाही. डिस्कवाला पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ कन्सोल) ५४,९९० ला मिळतोय. पीसीचं कोटेशन ७२,०००: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅमची एक स्टिक, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १ टीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), कॅबिनेट एसएमपीएससकट (पॉवर सप्लाय). रोज दोन तास खेळणं, वर्षाला पाच गेम, त्यांतले दोन आल्या आल्या. पुढच्या वर्षी बहिणीला इंजिनिअरिंगसाठी कॉम्प्युटर लागेलच. सहा वर्षांत स्वस्त काय पडेल?

हिशेबनीस
मशीनची किंमत बाजूला ठेवा, खरा पैसा गेममध्ये जातो.

पीएस५: मशीन ५५,०००, दुसरा कंट्रोलर ६,०००, हीटसिंकवाली १ टीबी एनव्हीएमई ८,०००. ही लागतेच, कारण जुन्या मॉडेलच्या ८२५ जीबीपैकी हाताला ६६७ च येतात आणि नव्या स्लिम मॉडेलचा १ टीबीही मोठ्या गेमांनी भरतो. ऑनलाइन खेळायला प्लेस्टेशन प्लसचा (सोनीच्या वर्गणीच्या सेवेचा) सगळ्यात खालचा प्लॅन वर्षाला ४,००० धरा, म्हणजे २४,०००. गेम: दोन नव्या डिस्क पाच-पाच हजारांना घेऊन तीन-तीन हजारांना विकल्या तर ४,००० गेले, सेलमधले तीन ४,५०० चे. वर्षाचे ८,५००, सहा वर्षांचे ५१,०००. एकूण १,४४,०००.

पीसी: ७२,००० + मॉनिटर १२,००० + कीबोर्ड, माउस, कंट्रोलर ५,००० + यूपीएस ६,०००. चौथ्या वर्षी ग्राफिक्स कार्ड बदलाल. जुनं विकून वरून २०,००० घालावे लागतील. ऑनलाइन फुकट. पीसीचा गेम अकाउंटला चिकटतो, विकता येत नाही. पण सेल मोठे लागतात आणि एपिक गेम्सचं ऑनलाइन स्टोअर दर आठवड्याला गेम फुकट देतं. सरासरी १,२०० ने पाच गेम, सहा वर्षांचे ३६,०००. एकूण १,५१,०००.

म्हणजे जवळपास बरोबरी. आता बहिणीसाठी वेगळा कॉम्प्युटर घ्यायचा तर ४०,००० कुठे गेले नाहीत, ते पीएस५ च्या खात्यात टाका. पीसी सरळ पुढे जातो. उलट, बहिणीचा प्रश्न नसता आणि तुम्ही फक्त एकट्याने खेळायचे गेम खेळत असता तर प्लसचे २४,००० वाचून, आधीचे सात धरून, पीएस५ एकतीस हजारांनी स्वस्त. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमांना प्लस लागतही नाही.

एक मात्र आहे: ‘आल्या आल्या’ खेळायचं असेल तर पीसीवर काही गेम उशिरा येतात. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ ला आला, पीसीवर एप्रिल २०१५ ला.

लॅमिंग्टन_रोड
हिशेब ठीक, पण ते कोटेशन जसंच्या तसं घेऊ नका.

बी४५० वर पीसीआयई ३.० (बोर्ड आणि कार्डमधली जुन्या पिढीची जोडणी) आहे आणि ४०६० तिच्या फक्त आठ लेन (डेटाच्या वाटा) वापरतं. कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की उरलेला डेटा त्या अरुंद वाटेने रॅममध्ये ये-जा करतो. मग सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) ठीक दिसतो, पण वळलं की झटके बसतात, भिंतींवरची टेक्स्चर (पृष्ठभागाची चित्रं) धूसर राहतात. बी५५० बोर्ड घ्या, आणि बजेट ताणता आलं तर १६ जीबीचं कार्ड (५०६० टीआय किंवा ९०६० एक्सटीचं १६ जीबी व्हेरिएंट). ८ जीबीचंच घेतलंत तर टेक्स्चर ‘मीडियम’वर ठेवा, बाकी सेटिंग वर नेल्या तरी चालतात.

रॅम ८ च्या दोन स्टिक. एका स्टिकवर सिंगल चॅनल (डेटाची एकच वाट) चालतो आणि ५६०० गुदमरतो. कॅबिनेटसोबत येणारा एसएमपीएस दुकानातच सोडून या. पाच वर्षं वॉरंटीचा ६५० वॅट ब्राँझ घ्या, पुढचं कार्डही त्यावरच चालेल. बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या, नाहीतर तिसऱ्या वर्षी कार्डाची वॉरंटी मागताना हात हलवत परत याल.

सोल्डर_सुहास
पीएस५ च्या खर्चात दुरुस्ती धरा. मशीनला वॉरंटी एकच वर्ष. ड्युअलसेन्सच्या (पीएस५ च्या कंट्रोलरच्या) स्टिकमध्ये कार्बन ट्रॅक असलेले पोटेन्शिओमीटर (हालचाल मोजणारे सेन्सर) असतात. ते झिजले की स्टिक न हलवता पात्र चालू लागतं. हॉल इफेक्ट (चुंबकावर चालणारं) मॉड्यूल बसवता येतं, पण त्याचे १४ पाय डीसोल्डर करायचे आणि नंतर कॅलिब्रेशनही करायचं. घाईत बोर्डाचे पॅड उखडतात. कंट्रोलर उघडायची सवय नसेल तर जाणकाराकडेच द्या.

दुसरं, वीज गेल्यावर बसणारा झटका. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. पीएस५ चे दोनशे आणि टीव्हीचे ऐंशी त्यात बसतात. गेमिंग पीसी आणि मॉनिटर मात्र काठावर जातात, तिथे १००० व्हीएचाच घ्या.

तिसरं कोणी सांगत नाही: पीएस५ गेमचे सेव्ह (खेळातली साठवलेली प्रगती) सुटे पेनड्राइव्हवर निघत नाहीत. प्लस नसेल, आधी पूर्ण मशीनचा बॅकअपही घेतला नसेल आणि मशीन गेलं तर सेव्हही गेले.

कोल्हापुरी_गेमर
धन्यवाद मंडळी. वीजबिलात फरक पडेल का? आणि पीएस५ घेतलाच तर डिजिटल (डिस्क ड्राइव्ह नसलेला) घेऊन पैसे वाचवू?

हिशेबनीस
वीज विसरा. पीएस५ आणि टीव्ही मिळून २८० वॅट, पीसी आणि मॉनिटर मिळूनही सरासरी साधारण तेवढेच. दोन तासांनी वर्षाला दोनशे-सव्वादोनशे युनिट. फक्त महिन्याला ३०० युनिटच्या आसपास असाल तर वरचे युनिट महाग स्लॅबमध्ये पडतात, ते दोन्हीकडे सारखंच.

डिजिटल नको. एका डिस्कमागे तीन हजार परत येतात. चौथी विकली की किमतीतला फरक भरून निघतो, आणि तुम्ही तर वर्षाला दोन नव्या घेणार. मित्राची डिस्क उसनी मिळते ती वेगळीच. स्लिम डिजिटलला ड्राइव्ह नंतर जोडता येतो, पण तो वेगळा विकत घ्यावा लागतो आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं.

पीसीकडे वळलात तर ५६०० ऐवजी एएम५ सॉकेटच्या नव्या प्रोसेसरचा भाव काढून आणा. बोर्ड आणि डीडीआर५ रॅम महाग पडते, पण चौथ्या वर्षी प्रोसेसर बदलायचा झाला तर बोर्ड तोच राहील. नवं कोटेशन इथे टाका, बघतो.