‘डॉक्टरांच्या देखरेखीखाली’ डोपिंग म्हणे!

सायकलवेडा :
परवा रोखठोक यांनी लिहिलं, “ताकद वाढवणारी बंदीची औषधं सगळेच खेळाडू घेतात, सापडतात ते बावळट. बंदी उठवा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली खुल्लमखुल्ला घेऊ द्या. स्पर्धा समान होईल, जीवही वाचतील.” खाली सहमतांची ही रांग! दोन ओळींत भागेना, म्हणून वेगळा धागा.

अहो, हा प्रयोग होऊन गेलाय. पूर्व जर्मनीत 1974 पासून सरकारी योजनाच होती. डॉक्टर होते, नोंदी होत्या, मात्रा ठरलेल्या होत्या. कोवळ्या पोरींना पुरुषी हार्मोनसारख्या स्टेरॉइडच्या निळ्या गोळ्या द्यायच्या आणि जीवनसत्त्वं म्हणून सांगायचं. हायडी क्रीगर 1986 मध्ये गोळाफेकीत युरोपात पहिली आली. पुढे लिंगबदल करून आंद्रेआस क्रीगर झालेला हा माणूस सांगतो की आपण कोण व्हायचं हे ठरवायची संधीच आपल्याला मिळाली नाही. 2000 साली त्या योजनेच्या प्रमुख डॉक्टरला शिक्षा झाली, तीही स्थगित. देखरेख करणाऱ्याला पगार कोण देतं, एवढं आधी सांगा.

रोखठोक :
सोयीचं तेवढं उचललंत. मी सज्ञान आणि माहिती असलेल्या खेळाडूंबद्दल बोलतोय, फसवलेल्या मुलींबद्दल नाही. आणि तुमच्या लाडक्या बंदीने काय दिवे लावले? 1988 मध्ये सोलला बेन जॉन्सन 100 मीटर 9.79 सेकंदांत धावला, स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड सापडलं, पदक गेलं कार्ल लुईसकडे. त्याच लुईसच्या नमुन्यात त्याच वर्षी अमेरिकेच्या निवड चाचणीत उत्तेजकं सापडली होती. ‘अनवधानाने’ म्हणून सोडला. जगाला कळलं 2003 मध्ये! सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सात विजेतेपदं गेली तीसुद्धा मुख्यतः सहकाऱ्यांच्या साक्षींमुळे. तुमच्या प्रयोगशाळा तेव्हा झोपल्या होत्या का?

निवांत नाना :
+१. आणि 2000 च्या सिडनीतली ती सोळा वर्षांची जिम्नॅस्ट राडुकान? संघाच्या डॉक्टरने सर्दीची गोळी दिली, पोरीचं वैयक्तिक सुवर्ण गेलं. 2004 मध्ये त्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन बंदीच्या यादीतून काढलं, 2010 मध्ये परत घातलं. अरे, काय चाललंय?

सायकलवेडा :
नाना, राडुकानचं मान्य. पण तिथेही डॉक्टर संघाचाच होता, हे बघा की.
रोखठोक, सज्ञान लोकांचंच उदाहरण घ्या. सायकलिंगमध्ये तांबड्या पेशी वाढवणारं ईपीओ हे औषध पकडणारी चाचणी नव्हती, म्हणून 1997 मध्ये नियम केला : रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण 50 टक्क्यांवर गेलं की दोन आठवडे बाहेर. झालं काय? ज्याचं मुळात 42 तो 49 पर्यंत चढवायचा आणि तपासणीवाले आले की सलाइन लावून रक्त पातळ करायचा. ज्याचं जन्मजातच 48, त्याच्या हाती काय? आणि रक्त घट्ट झालं की गुठळीची भीती वेगळीच. हीच का तुमची समानता?

स्पष्टवक्ती :
ऑलिंपिक गेलं खड्ड्यात. आमच्या घरातलं ऐका. माझ्या धाकट्या दिराला जिमच्या ट्रेनरने ‘सायकल’ करायला लावली. ही तुमची दोन चाकांची नव्हे, स्टेरॉइडच्या सुयांची. दंड फुगले, पाठभर मुरमं आली. मग छाती बायकांसारखी वाढायला लागली. भर उन्हाळ्यात टी-शर्टच्या आत दोन बनियन घालून हिंडायचा. सुया थांबवल्यावर तर नुसता पडून. लग्नानंतर मूल होईना तेव्हा तपासणीत सगळं बाहेर आलं.

जिमप्रेमी :
ट्रेनर बदमाश निघाला म्हणून सगळ्या जिमना झोडपू नका. प्रोटीन पावडर म्हणजे स्टेरॉइड नव्हे, हे कधी कळणार लोकांना?

स्पष्टवक्ती :
मी पावडरचं नाव तरी काढलं का? चोराच्या मनात चांदणं!

जिमप्रेमी :
ताई, तोंड सांभाळून. कित्येक वर्षं घाम गाळतोय, एक सुई टोचलेली नाही.

गोळीबंद :
भांडा, पण दिराचं का झालं ते ऐका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू वृषणांना काम सांगणं थांबवतो. शुक्राणू घटतात, वृषणं आकसतात, जादाच्या टेस्टोस्टेरॉनपैकी काहीचं इस्ट्रोजेन होतं आणि छाती वाढते. सुया थांबवल्या तरी ते कारखाने लगेच सुरू होत नाहीत. चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, हृदयाची भिंत जाड होते, ते दिसतही नाही.

रोखठोक :
म्हणजे दिराला ट्रेनरऐवजी डॉक्टर भेटला असता तर हे टळलं असतं. माझाच मुद्दा सिद्ध केलात, आभार.

स्पष्टवक्ती :
डॉक्टर होता. जिमवाल्याच्या ओळखीचा. दर खेपेला रक्त तपासून ‘चालू ठेव’ म्हणायचा.

रोखठोक :
बरं बाई, संघाने किंवा जिमने नेमलेला डॉक्टर नको. स्वतंत्र मंडळ हवं. झालं समाधान?

सायकलवेडा :
स्वतंत्र मंडळ! आणि ते मंडळ ठरवेल त्याहून थोडं जास्त कोण घेतंय, हे पकडायला चाचण्या करणार ना? मग आत्ता काय वेगळं चाललंय?

जिमप्रेमी :
जिमवाले घेतात ती क्रिएटिनची पावडर ऑलिंपिकच्या बंदीच्या यादीत कधीच नव्हती. एवढंच सांगून जातो.

स्पष्टवक्ती :
विचारलं कोणी?