इतुआनो २०१४: राज्य स्पर्धा टिकवायचं कारण की बंद करायचं?

कठड्यावरचा प्रेक्षक

ब्राझीलच्या फुटबॉल महासंघाने राज्य स्पर्धांना कात्री लावली. २०२६ पासून सामन्यांना १६ ऐवजी ११ तारखा. लगेच गळे काढणं सुरू झालं: मग इतुआनोसारखी गोष्ट (इतु गावच्या ह्या छोट्या क्लबने २०१४ ला राज्य विजेतेपद मारलं) पुन्हा कशी घडायची?

माझं मत उलटं आहे. २०१४ चा पाउलिस्टा हा राज्य स्पर्धांचा गौरव नाही, पंचनामा आहे. (पाउलिस्टा म्हणजे साओ पावलो राज्याची स्पर्धा, १९०२ पासून चालू, ब्राझीलमधली सगळ्यांत जुनी.)

त्या वर्षीचा आराखडा बघा. २० संघ, पाच-पाचचे चार गट. इथवर ठीक. पण आपल्या गटातल्या संघांशी खेळायचंच नाही! बाकी तीन गटांतल्या १५ संघांशी एकेक सामना, आणि गुण मात्र आपल्या गटाच्या तक्त्यात मोजायचे. कोरिंथियन्सच्या गटात इतुआनो आणि रिबेराँव प्रेतोचा बोताफोगो होते (रिओचा प्रसिद्ध बोताफोगो वेगळा). हे दोघे पुढे गेले, कोरिंथियन्स तिसरा येऊन घरी बसला. २०१२ मध्ये क्लबांचा विश्वचषक जिंकलेला संघ, आणि ज्या दोघांच्या मागे राहून बाहेर गेला त्यांच्याशी एक मिनिटही खेळला नाही. गल्लीतल्या पोरांनी असा ड्रॉ काढला तर कान उपटू आपण.

पेठेतला स्टॉपर

ड्रॉ गंडला होता, मान्य. पण नियम विसाच्या वीस संघांना तोच होता की वो. कोरिंथियन्सने त्या जानेवारीत सांतोसकडून ५-१ असा मार खाल्ला, मग चिडलेले समर्थक थेट सराव केंद्रात घुसले. ते काय ड्रॉमुळं?

आणि इतुआनोनं बाद फेरीत काय केलं ते तुम्ही सोयीनं गाळलंय. उपांत्यपूर्व फेरीत बोताफोगोला त्यांच्या गावात जाऊन पेनल्टीवर हरवलं. उपांत्य फेरीत पाल्मेरासला १-०. अंतिम सामना दोन भागांचा, समोर सांतोस. पहिला इतुआनोनं १-० जिंकला, दुसरा सांतोसनं १-०, मग पेनल्टी ७-६. सात-सहा म्हणजे काय? दोन्हीकडचे निदान सात-सात गडी त्या ठिपक्यापाशी चालत गेले. नेहमीचे पाच मारणारे संपले, मग ज्यांना सरावातपण कोण बॉल देत नाही त्यांची पाळी. मी तिथं उभा राहिलोय, शाहू स्टेडियमवर. मधल्या वर्तुळातनं ठिपक्यापर्यंतचं अंतर मैलभर वाटतं. घशाला कोरड, आणि पंच उगाच बॉल पुन्हा नीट ठेवायला सांगतो.

वर दोन्ही अंतिम सामने पाकाएंबू स्टेडियमवर, म्हणजे साओ पावलो शहरातच. इतुआनोला घरचं मैदानच मिळालं नाही.

आकडेमोड्या

स्टॉपर, भावना पोचल्या. आता हिशोब. बाद फेरीचे चार सामने, निर्धारित वेळेत इतुआनोचे गोल किती? दोन. खाल्ला एक. दोनदा पेनल्टीवर सुटका. ह्याला चिवट बचाव म्हणा, मी हरकत घेणार नाही. पण 'छोट्या क्लबांची ताकद' वगैरे सिद्ध झाली म्हणू नका.

पेठेतला स्टॉपर

@आकडेमोड्या, सांतोससमोर १८० मिनिटांत एकच गोल खायचा, तो कसा ते एकदा करून दाखवा. बचाव पण फुटबॉलच असतो हो. डोरिवा प्रशिक्षक होता, स्वतः डिफेन्सिव्ह मिडफिल्डर, १९९८ च्या विश्वचषक संघातला. क्लबचा कारभार बघणारा जुनिन्यो पाउलिस्टा, २००२ चा विश्वविजेता, कारकीर्द इतुआनोतच सुरू केलेला. ही माणसं तुक्क्यावर चालणारी नव्हती. पुढच्या वर्षी डोरिवानं वास्कोला घेऊन रिओची राज्य स्पर्धा पण जिंकली.

मडगाव पॅसेंजर

दोघांचंही एक राहून जातंय: खेळाडूंचं म्हणणं. २०१३ च्या शेवटी ब्राझीलच्या खेळाडूंनी 'बोम सेन्सो', म्हणजे सुज्ञपणा, नावाची चळवळ उभी केली. मागण्या साध्या होत्या: पूर्ण सुट्टी द्या, पूर्वतयारीला वेळ द्या, सामन्यांची गर्दी कमी करा. त्या गर्दीत राज्य स्पर्धांचा वाटा मोठा. सामना सुरू झाला की सगळे हाताची घडी घालून उभे राहायचे. नोव्हेंबरात साओ पावलो क्लब विरुद्ध फ्लामेंगो सामन्यात पंचाने दम दिला, असं केलं तर पिवळं कार्ड. मग त्यांनी काय करावं? एका संघाने चेंडू लांब मारून समोरच्यांकडे दिला, समोरच्यांनी तसाच परत. मिनिटभर नुसती देवाणघेवाण. कार्ड कुणाला दाखवणार!

गंमत म्हणजे तो सामना इतुमध्येच होता, इतुआनोच्या मैदानावर. पाच महिन्यांनी ज्या गावात राज्य विजेतेपद नाचवलं गेलं, तिथेच.

वऱ्हाडी ऑफस्पिन

विदर्भाने २०१७-१८ ला रणजी पहिल्यांदा जिंकली तेव्हा आमच्याकडे कोणी विचारलं नाही की आता आयपीएल असताना रणजी कशाला. मोठ्यांना कंटाळा आला म्हणून लहानाचं अंगण काढून घ्यायचं का?

कठड्यावरचा प्रेक्षक

@वऱ्हाडी, रणजी पूर्ण देशाची स्पर्धा आहे, तुलना जमत नाही. आणि अंगणात राहून लहानाचं झालं काय ते ऐका. इतुआनो पुढे चढला तो राष्ट्रीय साखळीतून. २०२१ ला तिसरी श्रेणी जिंकली. २०२२ ला दुसऱ्या श्रेणीत शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर वास्कोला हरवलं असतं तर पहिल्या श्रेणीत गेला असता. हरला, वास्को वर गेला. मग २०२४ ला एकाच वर्षात पाउलिस्टाच्या वरच्या श्रेणीतूनही घसरला आणि राष्ट्रीय दुसऱ्या श्रेणीतूनही. दहा वर्षांपूर्वीचा करंडक कामाला आला?

पेठेतला स्टॉपर

करंडक कामाला यायला तो काय रेशन कार्ड आहे?

१९८६ ला लिमेरा गावच्या इंटर क्लबनं मोरुम्बी स्टेडियमवर पाल्मेरासला २-१ हरवून पाउलिस्टा मारला. राज्याची राजधानी आणि सांतोस शहर सोडून आतल्या भागातला पहिला विजेता. १९९० ला तर अंतिम सामनाच ब्रागांतिनो आणि नोवोरिझोंतिनो, दोन्ही आतल्या गावांचे. इतु ह्याच रांगेतलं. त्या गावात सगळं अवाढव्य असतं अशी जुनी थट्टा आहे, म्हणून चौकात खरंच एक राक्षसी टेलिफोन बूथ उभा केलाय. अशा गावाला सांतोसला हरवलेली एक रात्र मिळाली, तर महासंघाचं काय जातंय?

आकडेमोड्या

बूथ भारी आहे, कबूल. :)

पण कठड्यावरचे, तुमच्याच बाजूने असूनही एक खोच काढतो. तुमची मूळ तक्रार होती, न खेळलेल्या संघाच्या मागे राहून बाहेर जावं लागतं. आता २०२६ चा पाउलिस्टा बघा: १६ संघ, पहिल्या टप्प्यात प्रत्येकाला फक्त ८ सामने. म्हणजे सात संघांशी गाठच नाही, आणि तक्ता सगळ्यांचा एकच. तारखा कापल्यावर दुसरं काय होणार?

कठड्यावरचा प्रेक्षक

हे खरंय. मला बंदच करा म्हणायचं होतं, अर्धवट कापा असं नाही. संध्याकाळी सविस्तर लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

पेठेतला स्टॉपर

लिहा लिहा. तोवर ती सात-सहाची क्लिप बघून घ्या एकदा.