‘सोयरिकीआधी दोन्ही घरांना सांगा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

फोंडेकर : जन्मापासून एचआयव्हीसह वाढलेल्या मुलांना ‘कोणाला, कधी, कसे सांगायचे’ याची तयारी करून देणारे समुपदेशक लपवाछपवी शिकवतात आणि सोयरिकीआधी दोन्ही घरांना सांगणे सक्तीचे करावे, असे सकाळी येथे कोणीतरी लिहिले, ते वाचून गप्प बसवले नाही. विशीतल्या मुलीला आम्ही समुपदेशक एवढेच सांगतो की, ज्याच्या पोटात गोष्ट राहते अशा एकालाच आधी सांग, आणि समोरचा उठून गेला तर त्या रात्री कोणाकडे जायचे तेही ठरवून ठेव. शिवाय 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, न्यायालयाचा आदेश नसेल तर अशी सक्ती कोणावरही करता येत नाही.

डिचोलीकर : कायदा मुलाच्या बाजूचा, मग मुलीचे काय? माझ्या मावसबहिणीला गरोदरपणातल्या तपासणीत कळले. नवऱ्याच्या कपाटात औषधाची बाटली होती, तिचे लेबल नखाने खरवडून काढलेले होते.

म्हापसेकर : सक्तीची हौस गोव्याने 1989 मध्येच भागवून घेतली आहे. एचआयव्ही आढळला म्हणून डॉमिनिक डिसोझाला याच म्हापशात 64 दिवस कोंडले होते.

डिचोलीकर : तेव्हा औषधे नव्हती. प्रत्येक वादात डॉमिनिकची ढाल पुढे करणे आता पुरे करा.

म्हापसेकर : 2014 मध्ये तर औषधे होती ना? तरीही गोव्यातल्याच रिवणच्या शाळेत एचआयव्हीबाधित मुले नकोत म्हणून पालक अडून बसले होते. दोन्ही घरांना सांगणे म्हणजे वाड्याला सांगणे, हे डिचोलीत राहून तुम्हाला ठाऊक नाही?

ताळगावची वाचक : वाडा कशाला, एका खासगी प्रयोगशाळेच्या खिडकीवर माझ्या भावाचा अहवाल मोठ्याने वाचून दाखवला होता. आधी त्यांना शिकवा, मग मुलांना.

फोंडेकर : डिचोलीकर भाऊ, तुमच्या मावसबहिणीवर अन्याय झाला, हे निर्विवाद आहे, पण त्या नवऱ्याला विशीत कोणी तोंड उघडायला शिकवले असते, तर लेबल खरवडण्याची वेळ आली नसती. जोडीदाराला सांगायलाच हवे, असे आम्हीही म्हणतो. रुग्ण समजावूनही सांगत नसेल आणि जोडीदाराला खरोखर धोका असेल, तर रुग्णाला तशी कल्पना देऊन डॉक्टर जोडीदाराला सांगू शकतात, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. औषधे नियमित घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, हेही त्या संभाषणात सांगता यावे लागते. सासूचा मात्र यात काय संबंध?

डिचोलीकर : बरे, सासूला वगळले, उपकार माना. नवऱ्या मुलीला मात्र साखरपुड्याआधी सांगा आणि तो दिवस तुमच्या त्या तयारीत शाईने लिहून घ्या.